कुंताबाईंचा ब्लॉक

मी एक जुना जस्ताचा ब्लॉक आहे. मित्रांनो, पूर्वी वर्तमानपत्रात फोटो छापायला माझ्यासारखा ब्लॉक लागे. १९७४ साली नागपुरात माझ्या पत्र्यावर आम्ल ओतले. नको ते जस्त विरघळले आणि उरलेल्या हजारो ठिपक्यांतून एक चेहरा तयार झाला. तो वरठीला घरोघर दूध घालणाऱ्या कुंताबाईंचा होता. जनावरांच्या प्रदर्शनात त्यांच्या गाईला पहिले बक्षीस मिळाले, म्हणून भंडाऱ्याच्या एका साप्ताहिकाने मला पहिल्या पानावर छापले. तो अंक कुंताबाईंनी देवाजवळ ठेवला.

पुढे सात वर्षे मी त्या साप्ताहिकाच्या छापखान्यातल्या खणात पडून होतो. नवा ब्लॉक नागपूरहून आणावा लागे. म्हणून पानावर जागा उरली की खणातला एखादा जुना बसवत.

१९८१ च्या उन्हाळ्यात बातमी आली. दूरच्या एका गावात लग्नातले दूध पिऊन माणसे आजारी पडली होती. संपादक ताराचंद यांनी मोठ्या लाकडी अक्षरांत मथळा लावला, ‘दुधात विष!’ शेजारी तीन इंच जागा उरली. तिथे मला बसवले. गावाचे नाव खाली बारीक टायपात होते.

अंक निघाल्यावर चौथ्या सकाळी कुंताबाई भरलेली कॅन घेऊन छापखान्यात आल्या. वरठीत कोणीच दूध घेत नव्हते.

“बाई, यात तुमचं नाव कुठं आहे?” ताराचंद म्हणाले.

“मले वाचता येत नाही, भाऊ. पन ज्यायले येते, थे बी कुठं वाचून राहिले? विष पाहते, बाजूले मले पाहते, अन् दार लावते.”

“बरं, छापतो. कुंताबाईंच्या दुधात विष नाही.”

अक्षरांचे खिळे जुळवणारा धनीराम तिथूनच म्हणाला, “नोका, साहेब. विष अन् ह्या बाई पुन्हा एका जागी आल्या, तं लोकं पुन्हा तेच जोडतीन.”

कुंताबाईंनी कॅन टेबलावर ठेवली. “मंग उद्यापासून तुमच्या घरी दूध मीच घालीन. थेच छापा.”

ताराचंद यांनी दूध ओतून घ्यायला घरून गंज मागवला.

त्या शुक्रवारच्या अंकात मी पुन्हा त्याच जागी होतो. शेजारी तेवढ्याच मोठ्या अक्षरांत छापले होते, ‘संपादकांच्या घरी कुंताबाईंचे दूध’. महिनाभरात दारे उघडली. दोन मात्र कधीच उघडली नाहीत.

माझा पत्रा ज्यावर ठोकला आहे, त्या लाकडी पाठीवर धनीरामने शाईने लिहिले, ‘कुंताबाई. बक्षिसाची गाय. दुसरीकडे लावू नये.’ ती शाई आता फिकी झाली आहे.

मित्रांनो, मी खरा होतो आणि बातमीही खरी होती. खोटे होते ते आमचे शेजारी बसणे. म्हणून पहिले पान हातात आले की चित्रातल्या माणसाचे नाव बातमीत शोधा. ते सापडेपर्यंत दार लावू नका.