धाकटीची कॉमेंटरी

डिस्क बाजारात जाण्याआधी ती शेवटची बघणारी मी. एकदा हजारो प्रती छापून झाल्या की चूक पुसता येत नाही, म्हणून कुणीतरी डोळ्यांत तेल घालून ती सुरुवातीपासून शेवटपर्यंत बघावी लागते. चित्रावर डाग आहे का, ओठ आणि शब्द जुळतात का, मेन्यूतलं बटण दाबलं की ते सांगेल तिथेच नेतं का. लोकांना वाटतं मला गाणी बघायचा पगार मिळतो. एकच गाणं वेगवेगळ्या प्लेअरवर दिवसभर बघून दाखवा, मग आपण बोलू.

माझी धाकटी बहीण गाते. बरीच नावाजलेली आहे, रस्त्यात लोक तिला थांबवतात आणि मला पिशवी धरायला देतात. तिच्या सगळ्या व्हिडिओंची एक डिस्क पूर्वी दुसऱ्या एका कंपनीने काढली होती. ती म्हणजे निव्वळ पैसे पाण्यात. जुनी चौकोनी चित्रं रुंद पडद्यावर बसवायची म्हणून आडवी ताणलेली, त्यामुळे धाकटी प्रत्येक गाण्यात गालगुंड झाल्यासारखी दिसायची. ओठ आधी हलायचे आणि शब्द मागून सावकाश यायचे. कित्येक महिने ती फोनवर माझ्याकडे रडगाणं गात होती. म्हणून नव्या डिस्कचं काम आमच्या कंपनीकडे आलं तेव्हा ती म्हणाली, "ताई, तपासायला तूच बस. दुसऱ्या कोणावर माझा भरवसा नाही." मी आपली हरभऱ्याच्या झाडावर चढले.

आणि काम खरंच चोख झालं होतं. मूळ फिल्मवरून चित्रं नव्याने उतरवलेली, पूर्वी करडी दिसणारी भिंत आता स्वच्छ निळी. चौकोनी चित्रं चौकोनीच ठेवलेली, कडेला काळी पट्टी, उगाच ताणाताणी नाही. आवाज तर असा की पहिल्या शब्दाआधी तिने घेतलेला श्वास ऐकू यावा. कुणी मला विचारलं असतं की एवढी किंमत द्यावी का, तर मी डोळे मिटून हो म्हटलं असतं.

डिस्कवर एक जास्तीची गोष्ट होती. बटण दाबलं की गाण्याचा आवाज बारीक होतो आणि त्यावर धाकटी आणि तिचा दिग्दर्शक गप्पा मारतात, व्हिडिओ कसा झाला वगैरे. याला कॉमेंटरी म्हणतात. आमच्याकडचे बाकीचे लोक ती थोडी इथून, थोडी तिथून ऐकतात आणि चहाला जातात. मी सगळी ऐकते.

तिचं सगळ्यांत गाजलेलं गाणं तुम्ही पाहिलं असेल. एक बाई बॅग घेऊन बस स्टँडवर बसते, बस येतात, जातात, आणि ती कुठेही न जाता घरी परत येते. ती बाई मी आहे.

लग्नाला फार वर्षं झाली नव्हती. नवऱ्याने मला न विचारता घर बदललं. नवी जागा बघून, पैसे भरून मोकळा झाला, आणि मला कळलं ते सामान न्यायला टेम्पो दाराशी आल्यावर. मी हातात कुकर घेऊन उभी, आणि ड्रायव्हर विचारतोय, हाही द्यायचाय का. भांडण असं झालं नाही, कारण त्याला भांडण्यासारखं काही झालंय असंच वाटत नव्हतं. नव्या घरात सामान लावून झालं आणि एका सकाळी तो कामावर गेल्यावर मी बॅग भरून स्टँडवर जाऊन बसले. दुपारी भीती वाटली की राग ओसरला, मला आजही सांगता येत नाही, पण मी उठले. तो यायच्या आत कपडे परत कपाटात गेले होते. हे मी फक्त धाकटीला सांगितलं, माझ्या गळ्याची शपथ घालून. वर्षभरात ते गाणं आलं. मी चिडले तेव्हा ती हसली, म्हणाली की बॅग घेऊन बसलेली बाई जगात काय एकटी तूच आहेस, कुणाला कळणार आहे? मीही मूग गिळून बसले. नवऱ्याला ते गाणं भारी आवडायचं. दाढी करताना तो ते गुणगुणायचा आणि मी घाबरून स्वयंपाकघरात मिक्सर लावायचे.

कॉमेंटरीत दिग्दर्शकाने तिला विचारलं, हे सुचलं कसं?

"ही आमची ताई," धाकटी म्हणाली. "खरंच बॅग भरून स्टँडवर जाऊन बसली होती, आणि भावजी घरी यायच्या आत परत. भावजींना अजून पत्ता नाही."

दोघंही हसले. मी मागे नेऊन पुन्हा ऐकलं, हाताला सवयच तशी. कुठे खरखर नाही, शब्द तुटलेला नाही.

मी तिला फोन केला. ती आधी गडबडली, मग म्हणाली, "अगं, कॉमेंटरी कोण ऐकतं?" मी म्हटलं, मी ऐकते, आणि माझा नवरा ऐकतो, तुझी प्रत्येक गोष्ट तो पहिल्या दिवशी आणतो हे तुला माहीत आहे. मग हळूच बाहेर आलं की कंपनीला तोच भाग सगळ्यांत आवडलाय. गाण्यामागची खरी गोष्ट ऐका, असं कव्हरवर छापणार आहेत, तेवढ्यावर चार प्रती जास्त खपतील. तुला एवढंच लागलं असेल तर तिथे आवाज खराब आहे म्हणून शेरा मार, ती म्हणाली, तुझ्या शब्दाला कोण नाही म्हणेल? म्हणजे माझा संसार हिने चव्हाट्यावर आणायचा आणि तो झाकायला माझ्याच कामात खोटं मी बोलायचं. केसाने गळा कापणं म्हणजे काय ते मला त्या दिवशी कळलं.

"आवाज खराब नाहीये," मी म्हटलं आणि फोन ठेवला.

डिस्क मी पास केली. तिच्यात दोष नव्हता, मी तरी काय करणार? पण ती दुकानात पोचायच्या आत नवऱ्याला हे माझ्या तोंडून कळायला हवं होतं. घरी जाताना सगळ्या रस्ताभर मी वाक्यं जुळवत होते. नवरा बाहेरच्या खोलीत शर्टांना इस्त्री करत होता. मी चप्पलही काढली नाही, एका दमात सगळं सांगून टाकलं.

त्याने इस्त्री उभी करून ठेवली. "माहीत आहे मला," तो म्हणाला.

कधीपासून, मी विचारलं. गाणं व्हायच्या आधीपासून, तो म्हणाला. धाकटी त्याच्याकडे आली होती, ताईवरून गाणं करू का, भावजी, तुम्हाला चालेल का, म्हणून. त्याने सांगितलं, कर की. आता कॉमेंटरीच्या वेळीही तिने फोन केला होता. भावजींना पत्ता नाही असं म्हण, मजा येईल, हे त्यानेच सुचवलं होतं. मला वाटत होतं मी इतकी वर्षं त्याच्यापासून काहीतरी लपवतेय. लपवत होते ते दोघं, आणि माझी घाबरगुंडी बघत होते. मला रडू नाही आलं, अपमान वाटला, अंगावरून कुणी चालत गेल्यासारखा.

"मी का गेले होते, ते तरी विचारायचंस," मी म्हटलं.

"परत आलीस ना. मग कशाला उकरून काढायचं?"

"आणि गाणं करू का, हे तुम्हा दोघांपैकी एकालाही मला विचारावंसं वाटलं नाही?"

त्याने शर्टाची बाही सरळ केली. तो चिडलेला नव्हता, उलट समजूत घालत होता.

"तुला विचारलं असतं तर तू नाही म्हणाली असतीस," तो म्हणाला.

खरं होतं ते. मी नाहीच म्हणाले असते.