मेजरांनी तेल घातलेली लेव्हल

मी एक जुनी लेव्हल आहे, आणि मित्रांनो, तुमच्यापैकी कुणीही मला विशेष आवडत नाही. हे आधीच सांगितलेलं बरं.

लेव्हल म्हणजे तीन पायांवर बसणारी छोटी दुर्बीण. समोर कुणीतरी आकडे रंगवलेली उंच पट्टी उभी धरतो, माझ्यातून बघणारा एक डोळा मिटतो, आणि कुठली जमीन किती उंच ते कळतं. कालवा असो की पूल, आधी माझ्या नजरेखालून जातो. माझ्या पोटात बारीक तारांवर एक लोलक झुलतो. मला थोडं वाकडं बसवलं तरी तो आपला आपण सरळ होतो आणि माझी नजर आडवी ठेवतो. हा गुण मला माणसांत फारसा आढळला नाही.

कारखान्यातून निघाले तेव्हा मला मऊ फडक्यात गुंडाळलं होतं. मग मी तंजावूरच्या एका खाजगी इंजिनियरिंग कॉलेजात आले. पोरांनी माझ्यातून समोरच्या हॉस्टेलची गच्ची पाहिली. एकानं मला टेबल समजून माझ्यावर डबा ठेवला आणि दहीभात खाल्ला. कौतुकही झालं, नाही असं नाही. कॉलेजच्या माहितीपत्रकावर माझा फोटो आहे. त्यातली मुलगी माझ्यातून उलट्या बाजूनं बघते आहे.

पुढे कॉलेजला सुचलं की सैन्यातून बाहेर पडलेल्या अधिकाऱ्यांसाठी एम. टेक.ला राखीव जागा ठेवाव्यात, म्हणजे ते मुलकी रस्ते-पूल बांधायला लागतील. त्या जागांवर एकच माणूस आला, मेजर वरुणराव. विभागप्रमुख होते चिदंबर. दोघेही राजवाड्यामागच्या एकाच मराठी गल्लीतले. लहानपणी चिदंबर त्यांच्या मागे ‘अण्णा, अण्णा’ करत धावायचे.

‘‘काय रे चिदू,’’ पहिल्या दिवशी वर्गात शिरताना वरुणराव म्हणाले.

पोरांनी माना खाली घातल्या.

‘‘इथं सगळे मला सर म्हणतात, मेजर.’’

‘‘म्हणू देत की. मी काहाला अडवू?’’

लढाई तिथंच जाहीर झाली. मी कपाटातून ऐकत होते.

‘‘तुमचे पूल रात्रीत टाकायचे आणि सकाळी गुंडाळायचे,’’ चिदंबर भर वर्गात म्हणायचे. ‘‘आमचे उभे राहतात.’’

‘‘उभे आहेत त्यातला एक दाखव, चिदू. जाऊन बघून येतो.’’

निम्म्या वयाची पोरं त्यांना अंकल म्हणत. ते वर्गाला पलटण समजत. जमीन कुणाची, परवानगी कुणाची, हे विचारण्यात सबंध सत्र जातं, याचा त्यांना मनापासून राग होता. पण एक सांगते: रोज जाताना मला पेटीत नीट ठेवणारा तो एकच माणूस होता.

आयुधपूजेला विभागातली सगळी हत्यारं टेबलावर मांडली. कुणी चंदन लावलं, कुणी कुंकू. वरुणरावांची बायको हरिप्रिया सुंडलचा, म्हणजे हरभऱ्याच्या सुक्या उसळीचा, डबा घेऊन आली होती.

‘‘सराफाच्या दुकानातून पुन्हा फोन होता,’’ ती म्हणाली. ‘‘सिक्युरिटी ऑफिसर. टोपी ते देतात म्हणे.’’

‘‘मी दारात खुर्ची टाकून बसणार नाही, प्रिया. तिरुवैयारूच्या पुलाचं काम मिळतंय. कंपनी फक्त डिग्रीला थांबलीय.’’

‘‘आणि डिग्री?’’

‘‘चिदूच्या हातात.’’

‘‘मग त्याला एकदा सर म्हणा की. तोंड झिजतंय थोडंच.’’

वरुणराव टेबलाकडे वळले. खिशातून एक बाटली काढली. पलटणीत शस्त्रपूजेआधी हत्यार साफ करून तेल द्यायची रीत. बंदुकीला देतात तसं, अगदी मायेनं, त्यांनी मला तेल दिलं. स्क्रूंना दिलं, फटींत दिलं, उरलेलं दुर्बिणीच्या सांध्यातून आत सोडलं. माझ्या तारा भिजल्या. लोलक चिकटला. माझ्या वाट्याला आलेलं ते पहिलं प्रेम.

परीक्षा कालव्याच्या बांधावर होती. एका पक्क्या खुणेपासून उंची मोजत निघायचं, फिरून त्याच खुणेवर यायचं, आणि निघतानाची उंची परत मिळायला हवी. फरक केसाएवढा चालतो. वरुणरावांचा वीतभर आला.

‘‘कल्याणराम, पट्टी वाकडी धरलीस,’’ ते गरजले.

पट्टी धरणारा कल्याणराम त्यांच्याच वर्गातला. ‘‘नाही अंकल. सरळच होती.’’

‘‘पट्टी वाकडी असेल तर कल्याणराम नापास,’’ चिदंबर छत्रीखालून शांतपणे म्हणाले. ‘‘लिहू तसं?’’

कल्याणरामचं तोंड उतरलं. लावण्या माझ्याजवळच उभी होती. गल्लीतलीच मुलगी, मराठी तिला सगळी समजते, बोलते मात्र तमिळीत. तिनं माझ्या भिंगावरून बोट फिरवलं आणि वरुणरावांसमोर धरलं. बोट पिवळं चकचकीत झालं होतं.

‘‘अंकल, हे तेल कुणी घातलं?’’

वरुणरावांनी बोटाकडे पाहिलं. खरं बोलावं तर पुढच्या वर्षी पुन्हा परीक्षा, तोवर पूल दुसऱ्याचा आणि सराफाच्या दारातली खुर्ची यांची.

‘‘बोला मेजर,’’ चिदंबर म्हणाले. त्यांना घाई नव्हती.

‘‘यंत्र जुनं आहे,’’ वरुणराव म्हणाले. जरा थांबले. ‘‘सर.’’

चिदंबरांनी छत्री मिटली. दोन वर्षं ते याच एका शब्दासाठी ताटकळत होते.

‘‘खरंय, अण्णा,’’ ते गोड आवाजात म्हणाले. ‘‘यंत्र जुनंच आहे. मोजणी ठीक धरू.’’

कल्याणराम पास झाला. मेजर पास झाले. लावण्यानं बोट ओढणीला पुसलं आणि तीही पास झाली. नापास मी एकटी. आता मी भंगाराच्या खोलीत मोडक्या पंख्याशेजारी असते. पंखा माझ्यापेक्षा वाईट स्वभावाचा आहे, त्यामुळे बरं चाललंय.

मित्रांनो, अशा गोष्टीच्या शेवटी वस्तू तुमच्याकडे काहीतरी मागते. आमची निगा राखा, आम्हाला फेकू नका, वगैरे. मला काही नको. माझी निगा ज्यानं राखली त्यानंच मला संपवलं, आणि ‘यंत्र जुनं आहे’ म्हणताना त्याला ते ठाऊकही होतं. तेव्हा यंत्रावर माया आली तर ते आधी कशानं बिघडतं हे विचारा, मग माया करा. माणसांचं मी सांगत नाही. तो माझा विषय नव्हे.

तिरुवैयारूच्या पुलाचे खांब वर येऊ लागलेत, असं भंगारवाला सांगत होता. वरुणराव तिथले साहेब आहेत. हाताखालची माणसं त्यांना सर म्हणतात, आणि वीतभर फरक आला तर काय म्हणायचं, तेही बहुतेक शिकली असतील. पूल झाला की तुम्ही त्याच्यावरून सायकली घालाल. घाला. काळजी घ्या एवढंच सांगते, आणि ती माझी नव्हे.