मागच्या सीटची बक्कलं

"ती बक्कलं आत ढकला बगू, ईनबाई. बुडाला टोचत्यात," गाडीच्या मागच्या सीटवर ऐसपैस बसून बघत भाऊसो म्हणाले.

सुलाबाई दारात गुडघ्यावर बसून कव्हरचा गोट ताणून घेत होती. तिनं दातानं दोरा तोडला.

"न्हाई ढकलायची," ती म्हणाली. "बाहीर यावीत म्हनूनच भोकं ठेवल्यात."

भाऊसो तिचे व्याही. शिराळ्याचे बागायतदार. घरात ते नुसते खाकरले तरी दोघं-तिघं पाण्याचा तांब्या घेऊन धावायची, त्यामुळं 'न्हाई' हा शब्द त्यांच्या कानाला फारसा ओळखीचा नव्हता. आज ते एका फेरीत दोन कामं उरकायला कोरेगावला आले होते. एक तर नव्या गाडीला सीटकव्हर घालून घ्यायची. व्याह्याचंच दुकान असताना दुसरीकडं कशाला जायचं? आणि दुसरं, बाळंतपणाला माहेरी आलेली सून क्रांती आणि पाच महिन्यांचा नातू साईराज, दोघांना त्याच गाडीतून घरी न्यायचं. बॉनेटवरचं कुंकवाचं स्वस्तिक अजून पुसट झालं नव्हतं.

दुकान आकारामचं, म्हणजे सुलाबाईच्या नवऱ्याचं. साताऱ्याच्या रस्त्याला पत्र्याचं शेड, मागं दोन खोल्यांचं घर. आकारामच्या डोळ्यांना बारीक दिसेना झालं तेव्हापासून मशीन सुलाबाईकडं आलं आणि तो खुर्चीवर बसून आल्यागेल्याला चहा सांगू लागला. मशीनबरोबर दुकानातला शेवटचा शब्दही तिच्याकडं आला होता, हे फक्त कुणी बोलून दाखवत नव्हतं.

या धंद्यात एक रीत आहे. कंपनी गाडीत पुढं-मागं सगळीकडं पट्टे देते. पुढचे पट्टे लोक नाक्यावरच्या पोलिसासाठी राहू देतात. मागची बक्कलं मात्र कव्हरखाली दडपून टाकायची आणि वरून शिलाई मारायची. सीट कशी दिवाणासारखी सपाट दिसते, चौघं दाटीवाटीनं बसतात, पोरं मधे उभी राहून पुढचा रस्ता बघतात, गिऱ्हाईक खूश. सांगावंही लागत नाही कुणाला. सुलाबाईही वर्षानुवर्षं तशीच शिलाई मारत आली होती.

मग गेल्या उन्हाळ्यात कोयनेच्या रस्त्यावर ठोकरलेली एक गाडी दुकानात आली. पत्रा सरळ करून, रंग मारून झाला होता. कव्हर तेवढी नवी घालायची होती. जुनी कव्हर कुणा परगावच्या कारागिरानं शिवलेली. सुलाबाईनं ती उसवली तर आत तिन्ही बक्कलं जागच्या जागी. कंपनीची पातळ पिशवीसुद्धा अजून त्यांच्यावरून निघाली नव्हती. सीटच्या बेचक्यात भडंग सांडलं होतं. मागं तीन पोरं होती, असं गाडी आणणारा माणूस बोलता बोलता म्हणाला. आता किती आहेत, हे विचारायचं धाडस तिला झालं नाही. ते भडंग तिनं हातानं वेचून काढलं आणि रात्री जेवलीच नाही.

दुसऱ्या दिवसापासून तिनं बक्कलं दडपायची बंद केली. गिऱ्हाईक रागावलं, समजूत घालू लागलं, शेवटी समोरच्या दुकानात जाऊ लागलं. "जावा की," सुलाबाई म्हणायची, "तितं चा बी चांगला देत्यात." पण आज समोर गिऱ्हाईक नव्हतं. लेकीचा सासरा होता.

"आवं ईनबाई, मागं चौघं बसायचं म्हंजी सपाट नगो का सीट?"

"पट्टं तीनच हायत पाव्हणं. तिगंच बसा."

"गाडी माझा पोरगा चालीवतोय. फौजी हाय त्यो. बर्फात गाड्या हाकल्यात त्यानं."

"समोरनं येनारा बी फौजीच आसतोय का?"

भाऊसोंचा पोरगा पृथ्वीराज, सुलाबाईचा जावई, सुट्टीवर आला होता. तो गाडीला टेकून उभा होता. सीमेवर छाती पुढं काढणारा गडी बापासमोर मात्र आपल्या बुटांकडं बघत राहिला.

तेवढ्यात भाऊसोंची नजर कोपऱ्यात गेली. तिथं बाळाची गाडीतली सीट ठेवली होती, अजून खोक्यातून अर्धीच काढलेली.

"ह्ये काय?"

"साईराजची खुर्ची. गाडीत बांदायची."

"आनि पाळणा?"

पहिल्या बाळंतपणानंतर लेक सासरी पाठवताना बरोबर पाळणा द्यायचा, तोही भावकीनं बघत राहावा असा, ही त्यांच्याकडची पद्धत. सुलाबाईनं पाळणा घेतलाच नव्हता. पाळण्यासाठी ठेवलेलं सगळं तिनं साताऱ्यात जाऊन या खुर्चीला घातलं होतं.

"पाळना पुढच्या येळंला," ती म्हणाली. "पाळन्यात पोरगं घरात झोपतंय. घरापतूर पोचायचं काम हिचं."

"आमी पाळणा म्हनलं तर ही प्लॅस्टिकची पाटी!" भाऊसो हसले, पण ते हसू काही बरं नव्हतं. "भावकीला काय दाखवू मी? आनि पोरगं पाटीत कशाला बसंल? त्याची आज्जी आलीय की त्याला न्यायला."

आज्जी म्हणजे धोंडुबाई, भाऊसोंच्या मालकीण. बाकावर बसून त्या नातवाला खेळवत होत्या. सकाळपासून त्यांनी त्याला खाली म्हणून ठेवला नव्हता. घरचं पहिलं नातवंड आज्जीच्या ओटीतून उंबरा ओलांडून आत येतं, या रीतीसाठी त्या नवं लुगडं नेसून आल्या होत्या.

"माज्या मांडीला काय काटं हायत का, ईनबाई?" त्यांनी विचारलं. रागानं नाही. खरंच लागलं होतं त्यांना.

सुलाबाईला वाईट वाटलं. या बाईशी तिचं भांडण नव्हतं. "तुमच्या मांडीत काय बी खोट न्हाई," ती म्हणाली. "पन गाडी गचकन थांबली तर मांडी जागंवर ऱ्हाती आनि पोरगं पुढं जातंय. माज्या मांडीवरनं बी जाईल. कुनाच्या बी."

"बास झालं!" भाऊसोंचा आवाज चढला. "शिलाई मारा, न्हाईतर लेक ठिवा तुमच्याजवळच. आमी चाललो."

आकारामच्या हातातला चहा निवत चालला होता.

सुलाबाई उठून मागच्या घरात गेली. क्रांती आत कपडे भरत होती. पत्र्याच्या भिंतीतून तिनं सगळं ऐकलं होतं. तिचे डोळे सुजले होते.

"आई, जाऊ दे की गं. एवढीच वाट जायाची. मला तितं नांदायचंय."

"नांदायला आदी जित्तं पोचावं लागतंय."

"असं वंगाळ नको बोलू!"

"मी नाय बोलले म्हंजी व्हायचं ऱ्हातंय व्हय?" सुलाबाई म्हणाली. मग लेकीच्या तोंडाकडं बघून तिचा आवाज उतरला. तिनं तांदूळ, खण, नारळ काढला. क्रांतीला पाटावर बसवलं, कुंकू लावलं, ओटी भरली. खरंच लेकीला इथंच ठेवून गेले तर? गाव काय म्हणेल, क्रांती काय म्हणेल, जन्मभर? तिला भीती वाटत नव्हती असं नाही. चांगलीच वाटत होती.

ती बाहेर आली तेव्हा दुकानातली हवा बदललेली होती. भाऊसो हसून बोलत होते. आकाराम रुमालानं कपाळ पुसत होता. धोंडुबाई मागच्या सीटवर मधोमध बसल्या होत्या आणि मांडीवर दुलई पसरून वाट बघत होत्या.

सीट दिवाणासारखी सपाट होती.

सुलाबाईनं वाकून बघितलं. भोकांची तोंडं मिटवून टाकली होती, हातशिलाईनं, लांब लांब वेडेवाकडे टाके घालून. टाके कुणाचे ते विचारायची गरज नव्हती. दिसत नसताना तो माणूस एकेका टाक्याला किती वेळा सुई टोचून घेत बसला असेल, हेही तिला कळलं.

"सुला," आकाराम हळूच म्हणाला, "पोरीचा बाप हाय मी. वाकावं लागतं."

"तुमी वाका," ती म्हणाली. "मी न्हाई आडवत."

तिनं टेबलावरची मोठी कात्री उचलली. आता ही टाके उसवणार, असंच सगळ्यांना वाटलं. तिनं कात्री टाक्यांवर नेली आणि मग मुद्दाम बाजूला घेतली. उसवलेलं वाटेत पेठ नाक्यावर कुणीही परत शिवून देईल. कापलेलं कोण शिवतो? नव्या कोऱ्या कव्हरमध्ये तिनं कात्रीचं टोक खुपसलं आणि हातभर आडवी चालवली. कातडं फाटल्याचा आवाज रस्त्यापर्यंत गेला. आतला पिवळा फोम दिसू लागला. धोंडुबाई घाबरून एका अंगाला सरकल्या.

"आवं, काय करताय काय!" भाऊसो ओरडले. "पूजा केलेली गाडी हाय!"

सुलाबाईनं आत हात घातला. एक बक्कल वर काढलं, दुसरं काढलं, तिसरं काढलं. तिन्ही कव्हरवर मांडून ठेवली आणि मग कंबर धरून सरळ झाली. समोरच्या दुकानातली माणसं रस्ता ओलांडून बघायला आली होती. बघू देत, असं तिच्या मनात आलं. उद्या त्यांच्याकडचं गिऱ्हाईक बक्कलं दडपायला सांगेल, तेव्हा सांगायला काहीतरी होईल.

भाऊसो तिच्यासमोर येऊन उभे राहिले.

"ईनबाई, ऐका आता. ही सून तुमच्या ह्या घरात परत पाय ठेवनार न्हाई. पंचमीला न्हाई, दिवाळीला न्हाई. तुमी मेला तरी न्हाई."

शिराळ्याची नागपंचमी. साऱ्या गावच्या लेकी माहेरी येतील-जातील, तेव्हा क्रांती घरात कोंडलेली असेल. सुलाबाईनं दाराशी उभ्या असलेल्या लेकीकडं बघितलं आणि मग व्याह्याकडं.

"नगा पाठवू पाव्हणं," ती म्हणाली. "पन आज घरी नीट न्या."

साईराज रडायला लागला. मग पृथ्वीराज हलला. कोपऱ्यातली खुर्ची त्यानं खोक्यातून काढली, मागच्या सीटवर मधोमध ठेवली, पट्टा तिच्यातून ओवला आणि गुडघा टेकून, सगळा भार देऊन बक्कल लावलं. खट्ट असा आवाज झाला. बापाकडं न बघता तो म्हणाला, "आबा, हे न्हाई तर मी गाडी चालवत न्हाई."

भाऊसोंनी मुलाकडं असं बघितलं, जणू याला कुठंतरी बघितलंय पण नाव आठवत नाही.

पृथ्वीराजनं साईराजला खुर्चीत ठेवून त्याचे पट्टे आवळले. खुर्ची उलटी बसवलेली बघून सुलाबाई पुढं झाली.

"आवं जावईबापू, तोंड मागं झालं की."

"एवढ्या बारक्याला तसंच बसवत्यात, मामी. त्यात लिहिलंय."

"मग बरूबर," ती म्हणाली.

धोंडुबाई एका खिडकीशी सरकल्या. दुलईची घडी घालून त्यांनी ती पोटाशी धरली. त्यांच्या मांडीवर आता काहीच नव्हतं. क्रांतीनं त्यांच्या अंगावरून पट्टा घेतला तेव्हा त्यांनी हात बाजूला केला. क्रांती दुसऱ्या खिडकीशी बसली. आईच्या पाया ती पडली होती, पण तिच्याकडं न बघताच गाडीत बसली होती. तिचंही बक्कल लागलं. भाऊसो पुढं बसले. त्यांच्या सीटचा पट्टा पाठीमागून कधीचाच अडकवून टाकलेला होता, गाडीनं बोंब मारू नये म्हणून. सुलाबाईला ते दिसलं. ते मोठे आहेत, त्यांचं ते बघतील, असं म्हणून तिनं ते सोडून दिलं.

"चला," भाऊसो म्हणाले. "आनि कुनी मागं वळून बगायचं न्हाई."

गाडी हलली. आकाराम खुर्चीत मटकन बसला. "काय मिळीवलंस गं?" तो म्हणाला. त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि बोटांना सुईनं टोचल्याचे लाल ठिपके पडले होते. सुलाबाईनं त्याच्या खांद्यावर हात ठेवला. मग ती रस्त्याच्या कडेला जाऊन उभी राहिली, एका हातात कात्री तशीच.

गाडी साताऱ्याच्या दिशेनं लांब होत गेली. मागच्या काचेतून डोकी दिसत होती आणि एकही डोकं वळत नव्हतं. पृथ्वीराज, भाऊसो, धोंडुबाई, तिची क्रांतीसुद्धा, सगळी माणसं सांगितल्याप्रमाणं शिराळ्याकडं तोंड करून बसली होती. एकट्या साईराजचं तोंड कोरेगावकडं होतं. तो तिला दिसत नव्हता, तीही त्याला दिसत नसणार. सुलाबाईनं त्याच्यासाठी हात वर केला आणि गाडी दिसेनाशी होईपर्यंत तो खाली घेतला नाही.