भागामायची ओटी

ज्याच्या जटांत गंगा विसावते आणि ज्याला रानातल्या त्रिदलाखेरीज काहीही नको असते, त्या महादेवाला प्रथम नमस्कार. आज श्रावणी सोमवार. सेनगावातील माझ्या लहानशा देवळात बिल्वपत्रे आली ती बाजारातून, प्लास्टिकच्या पिशवीत घाम येऊन काळवंडलेली. त्यांना गंध नाही. म्हणून आज भागामायचे हात आठवले. कोवळे बेलपान चुरडल्यावर जो किंचित उग्र, किंचित मधुर दर्प उठतो तो त्या हातांना कायमचा जडलेला असे, आणि ती प्रदक्षिणा घालून निघून गेल्यावरही, मंत्र संपल्यावर उरणाऱ्या नादासारखा, गाभाऱ्यात रेंगाळत राही.

साखऱ्याच्या बाजूला, तिच्या गावालगतच्या टेकडीवर बेलांची राई होती. एक मुलगा पदरात असताना तरुणपणीच वैधव्य आलेल्या या बाईने त्या राईलाही आपला परिवार मानले. शिवारात ज्वारीची धाटे उन्हाने करकरू लागली की ती डोक्यावर घागर घेऊन टेकडी चढताना दिसे. कृश, ताठ, दीपमाळेसारखी. तिच्यामागे सांडलेल्या थेंबांची ओली रेघ ती वळून पाहीपर्यंत सुकून गेलेली असे. मी एकदा तिच्या श्रमांची स्तुती केली, तर हसून म्हणाली, "झाडाचं मतदानाचं कार्ड निघत न्हाई न गुरुजी. न्हाई तर ह्येच निवडून आले असते. खात न्हाईत, पीत न्हाईत, भाषण तर करतच न्हाईत."

पुढे ती टेकडी फोडून खडी काढण्याचे ठरले. त्यासाठी ग्रामसभेची संमती लागणार होती, आणि विरोधाचा एक हात जरी नोंदला गेला तरी वरून चौकशी लागेल, एवढे ठेकेदाराने गावाला नीट समजावून ठेवले होते. कुणाच्या मुलाला तेथे काम मिळणार होते, कुणाच्या ट्रॅक्टरला भाडे. विरोध करणारी एकच उरली होती.

सभेपूर्वीच्या पूजेसाठी मला बोलावणे आले होते. माझे नाव त्या गावच्या मतदारयादीत नाही. पूजा आटोपून मी कट्ट्यावर बसून राहिलो. इतक्यात सरपंचबाई तांदळांनी भरलेले सूप घेऊन उठल्या आणि त्यांचे यजमान, जे खरा कारभार पाहतात, मोठ्याने म्हणाले, "आपल्या गावात आता इधवा-सवाष्ण असा भेद न्हाई. सगळ्या बाया बराबर. पह्यली ओटी भागामायची!"

टाळ्या पडल्या. पती गेल्यापासून तिची ओटी कुणी भरली नव्हती. तशी चालच नाही. ती संकोचून मागे सरली.

"काहून मागं सरती व माय?" शेजारीण म्हणाली. "सुनेच्या पोटातल्या लेकरासाठी तरी घे."

सुनेची आधीची लेकरे पोटातच गेली होती, आणि आता पुन्हा दिवस भरत आले होते. भागामायने पदर पसरला. त्यात खण पडला, नारळ पडला, हळकुंडे पडली, आणि मग तांदूळ पडत राहिले, ओटीला लागतात त्याहून कितीतरी अधिक, एका हाताला पेलणार नाहीत इतके. असा भरलेला पदर घरच्या देवापुढेच रिता करायचा, तो वाटेत ढळला तर पोटातले लेकरू ढळते, अशी तिकडची श्रद्धा आहे. गावातल्या प्रत्येकाला ती ठाऊक होती.

लगेच ग्रामसेवकाने ठराव वाचला. "ज्यांचा विरोध असेल त्यांनी हात वर करावा."

"माझं न्हाई म्हन्नं हाय," भागामाय म्हणाली.

"तोंडी धरत नाहीत, आजी. हात वर करा."

"हात कुठून आणू रे बाबा? ओटी हाय न हातात." ती शेजारणीकडे वळली. "धर व जरा."

शेजारीण जमिनीकडे पाहत राहिली. यजमान मात्र मृदू स्वरात बोलले, "ओटी कुणाच्या हाती देतात का, माय? लेकराला तकलीफ नको."

मागे कुणीतरी हसले. भागामायचा उजवा हात पदरापासून किंचित सुटला. काही तांदूळ मातीत पडले. बायकांत बसलेल्या सुनेने दोन्ही हातांनी पोट झाकून घेतले. भागामायने ते पाहिले, आणि तिचा हात मुकाट्याने पदराशी परतला.

"सर्वानुमते मंजूर," ग्रामसेवक म्हणाला.

लोकशाहीत हात मोजतात. ज्यांना हातच नाहीत, ते बेल, त्यांतली पाखरे, टेकडीच्या पोटातला झरा आणि अजून न जन्मलेली प्रजा, त्या सर्वांसाठी एक म्हातारी आपला हात देणार होती. आणि त्या न जन्मलेल्यांतलेच एक लेकरू तिच्यासमोर उभे करून गावाने तो हात बांधला. दोरी लागली नाही, शिवी लागली नाही. वध पूजेच्या विधीने झाला, आणि त्यात समतेचा उच्चार होता.

पोळ्याच्या आधीच राई आडवी झाली. नात जन्मली, धडधाकट, टपोऱ्या डोळ्यांची. बारशाला आलेल्या बायका म्हणाल्या, "पाह्य माय, ओटी फळली का न्हाई?" भागामायने मान हलवली. त्या होकाराइतके क्रूर दृश्य मी पाहिलेले नाही. कारण तिला नात खरोखरच प्राणांहून प्रिय होती, आणि हे त्या बायकांना पक्के माहीत होते.

आता ती देवळात येत नाही. टेकडीच्या बाजूचे दार तिने लावून घेतले आहे, तरी फटींतून पांढरी धूळ येते आणि पाळण्यावर बसते. ती नात मोठी होईल तेव्हा त्या धुळीलाच आभाळाचा रंग समजेल, रित्या खाणीला टेकडी म्हणेल, आणि तिला काही हरवल्याचे दुःखही होणार नाही. काळ माणसाकडून वस्तू नेतो हे सोसता येते. पुढच्या पिढीकडून तो त्या वस्तूची उणीवसुद्धा नेतो.

वाचकहो, शंभू तुमच्या घरादाराचे कल्याण करो, तुमची लेकरे दीर्घायू होवोत, आणि त्यांना आठवण्याजोगे काही जगात उरो.