काठोकाठ

काटेवाल्याने दरपत्रक वाचले, चष्मा काढून पुसला आणि पुन्हा वाचले. आकडा तोच होता. धान्याच्या घाऊक गोदामात वजनकाट्यावर त्याची अर्धी हयात गेली होती, म्हणून सगळे त्याला काटेवालाच म्हणत. मक्याचा भाव त्याला झोपेतून उठवून विचारला असता तरी त्याने सांगितला असता. आणि इथे, सिनेमागृहाच्या या चकचकीत काउंटरवर, पुठ्ठ्याच्या एका बादलीचे जे पैसे मागत होते त्यात गोदामातून मक्याचे अख्खे पोते उचलता आले असते, वर हमालीही सुटली असती.

"लाह्या आहेत ना या?" त्याने काउंटरवरच्या पोरीला विचारले.

"पॉपकॉर्न आहे, सर."

"म्हणजे लाह्याच."

त्याचे डोके आधीच तापलेले होते. आत शिरतानाच दारावरच्या माणसाने त्याच्या आईच्या पिशवीत हात घालून बिस्किटांचा पुडा काढून ठेवला होता. बाहेरचे खाणे आत चालत नाही म्हणे. घरून आणू द्यायचे नाही आणि आत मानेवर सुरी ठेवायची, याला धंदा म्हणत असतील तर दरोडा कशाला म्हणायचे?

"अहो, घ्या ना," बायको मागून हळूच म्हणाली. "आजचा एक दिवस."

आजचा दिवस तिचा होता, हे त्यालाही कबूल होते. तिचे कपडे दुरुस्तीचे छोटेसे दुकान होते. गेल्या वर्षी सिनेमावाले तिथे चित्रीकरणाला आले. नटीला कोट शिवताना दाखवायचे होते आणि त्या बयेला सुईत दोरा ओवता येईना. शेवटी दिग्दर्शक वैतागला आणि म्हणाला, चेहरा हिचा घेऊ, हात या बाईंचे घेऊ. मग बायकोने दिवसभर त्या भगभगीत दिव्यांखाली कोटाची बाही शिवली. तेव्हापासून ती सिनेमा लागायची वाट पाहत होती. हसतील म्हणून तिने गिऱ्हाइकांना सांगितले नव्हते. घरात तेवढे नवऱ्याला आणि सासूबाईंना ठाऊक होते.

"मध्यंतरानंतर लगेच आहे म्हणाले होते," ती निघताना त्याला म्हणाली होती. "तुम्ही नीट बघा हं. मला माझं मेलं काही कळायचं नाही. तुम्ही सांगा कसे दिसतात."

काउंटरवर एक पाटी होती. मोठी बादली घेतली तर ती एकदा मोफत भरून मिळणार होती. मोफत हा शब्द वाचून त्याचा राग थोडा उतरला.

"मग मोठीच द्या," तो म्हणाला आणि दातओठ खात पाकीट उघडले.

सिनेमाचा पहिला भाग त्याने पाहिला असे म्हणवत नाही. त्याचे सगळे लक्ष बादलीच्या तळाकडे.

"खा गं. आई, तूही घे की. मध्यंतरापर्यंत रिकामी व्हायला हवी."

"अरे, कवळीत अडकतं माझ्या," आई म्हणाली.

"सावकाश चाव. पण घे."

दिवे लागले तसा तो रिकामी बादली घेऊन उठला.

"राहू द्या ना," बायको म्हणाली. "पोटं भरलीत सगळ्यांची."

"पोटाचा प्रश्नच नाही. जाहिराती संपायच्या आत येतो."

बाहेर रांग लागली होती, आणि तीही मुंगीच्या पावलाने सरकणारी. त्याची पाळी आली तेव्हा बाहेरचे लोक भराभर आत परतत होते. पोरीने बादली भरली आणि पुढे सरकवली. काठापासून चांगली चार बोटे रिकामी.

"काठापर्यंत भरा," तो म्हणाला.

"सर, मोफतला एवढंच येतं."

त्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली. इतक्या वर्षांत त्याच्या काट्यावरून एक पोते कमी वजनाचे बाहेर पडले नव्हते. मालकाने डोळे वटारले तरी पडले नव्हते. आणि ही पोर त्याला माप शिकवणार?

"मोफत काय? मघाशी पोत्याचे पैसे घेतलेत तुम्ही. बोलवा तुमच्या साहेबांना."

साहेब आले. टाय लावलेले, तोंडभर हसणारे. कंपनीचा नियम कसा आहे ते गोड आवाजात सांगू लागले. मागून कुणीतरी "बरोबर बोलताय काका" म्हणाले आणि कुणीतरी "आटपा आता" म्हणून सुस्कारा सोडला. तेवढ्यात त्याची बाही कुणीतरी ओढली. बायको होती. धावत आल्यामुळे तिला धाप लागली होती.

"अहो, चला. सुरू झालंय. पडद्यावर शिवणयंत्र दिसलं मला. आता माझे हात येतील."

"आलोच. एवढं भरू दे."

"तुमचं भरणं राहू द्या. चला ना."

"अगं, पैसे मोजलेत आपण."

"तिकिटाचेही मोजलेत," ती म्हणाली.

ते त्याच्या कानावर पडले, पण डोक्यात शिरले नाही. डोक्यात ती चार बोटे होती. बायको त्याची बाही धरून उभीच राहिली. त्याला टाकून जावे हे काही तिला सुचले नाही. अखेर साहेबांनी कंटाळून स्वतः डाव हातात घेतला आणि बादली शिगोशीग भरली. लाह्या काउंटरवर सांडल्या. काटेवाल्याने विजयी मुद्रेने बादली उचलली आणि दोघे धावत आत शिरले.

अंधारात चाचपडत ते खुर्च्यांपाशी पोचले. आई पुढे वाकून बसली होती.

"कुठे होता तुम्ही दोघं? सूनबाई, अगं, तुझे हात दाखवले. पडदाभर. अंगठ्यावरचा इस्त्रीचा डागसुद्धा दिसला. शेजारच्या बाईंना म्हटलं, आमच्या सूनबाईचे आहेत. त्यांना वाटलं, म्हातारीला चळ लागलाय."

बायको खाली बसली. पडद्यावर नटी तो कोट घालून आरशासमोर उभी होती. बाही खांद्यावर छान बसली होती.

"परत दाखवतील," तो कुजबुजला.

मग मात्र त्याने सिनेमा पाहिला. दार उघडणारा हात, कप धरणारा हात, डोळे पुसणारा हात, प्रत्येक हाताकडे तो डोळे फाडून बघत राहिला. तिचा एकही नव्हता. तिचे हात शेजारी तिच्या मांडीवर होते, एकमेकांत घट्ट धरलेले. बादलीला कुणी शिवले नाही.

बाहेर पडल्यावर आई दारावर बिस्किटांचा पुडा मागायला थांबली. तो दोन्ही हातांनी बादली सांभाळत फुटपाथवर उभा होता. त्याला स्वतःचाच राग आला होता.

"उद्या परत येऊ," शेवटी तो म्हणाला. "दोघंच. मी जागचा हलणार नाही. शपथ घेतो."

ती रस्त्याकडे बघत होती.

"उद्या मी येणार आहे," ती म्हणाली. "एकटी."

त्याने बादली छातीशी धरली.

"आणि पॉपकॉर्न घेणार आहे. मोठं. काठापर्यंत नाही भरलं तरी चालेल मला."