नामदेव मढवींची नोटीस

“नामदेव मढवी आहेत का?”

“कामाव गेलेत,” असं म्हणून गोजराकाकूने नव्या पोस्टमनच्या हातून पाकीट घेतलंसुद्धा!

नामदेवकाकांना जाऊन तीन वर्षं झाली होती.

काकू घणसोली गावात आमच्या शेजारी राहते, बाजारात मासळी विकते. काका ज्या कंपनीत फिटर होते, तिने कामगारांना थोडे शेअर दिले होते. काकांनी दोघांच्या नावावर घेतले. पण पहिलं नाव त्यांचं, म्हणून दरवर्षी सभेची नोटीस त्यांच्याच नावाने यायची. ती इंग्रजीत, म्हणून वाचायचा मान माझा! वाचून झाली की काकू ती काकांच्या फोटोमागे ठेवायची. ते गेल्याचं तिने कंपनीला कळवलंच नव्हतं.

या वेळी आत एक चिठ्ठी निघाली. ती मी दोनदा वाचली.

“काय गो भाविका? सांग ना.”

“पुढच्या वर्षीपासून नोटीस ईमेलवर येणार. कागदावर हवी तर काकांच्या सहीचा अर्ज लागेल.”

“मंग तू कर सही. तुजा अक्षर चांगला हाय.”

“काकू! फसवणूक होते ती. त्यापेक्षा काका गेले म्हणून कळवू. शेअर तुझ्या नावावर होतील, नोटीस तुलाच येईल. कागदावरच मागू ना!”

“आन् त्यांचा नाव?”

“ते... कमी करतात.”

“म्हावरा कापते मी. मानसाचा नाव नाय कापत.”

वक्तृत्वात पहिली आलेली मी. पण चिठ्ठीची घडी घालून पाकिटात ठेवली.

आठ दिवसांनी काकू स्वतःच आली. हातात प्लास्टिकच्या पिशवीत मृत्यूचा दाखला.

“लिव अर्ज. तो पोस्टमन पुन्ना इचारील. किती वर्सा त्यांना कामाव धाडू? थकलं असतील.”

मी लिहिला. काकूने सावकाश, एकेक अक्षर जोडत सही केली.

वर्षाने तोच पोस्टमन दारात.

“गोजरा नामदेव मढवी?”

“मीच,” काकू म्हणाली.

तिने हात धुतले, पदराला कोरडे केले, तेव्हा कुठे पाकीट घेतलं आणि माझ्यासमोर धरलं.

“माज्या नावातला मधला शब्द कंचा?”

मी बोट ठेवलं. माझं बोट अलगद बाजूला करून तिने तिथे आपलं ठेवलं.

“आता वाच,” म्हणाली.