घंटी वाजवून वाचलेलं अर्थशास्त्र

विद्यापीठाचं उत्तर आलं, तेव्हा ते वाचून दाखवायला केशरनं मलाच बोलावलं. विद्यापीठाचं नाव सांगत नाही, उगाच कुणाच्या जिव्हारी लागायला नको. टपालानं बी.ए. करणाऱ्या अंध विद्यार्थ्यांसाठी धडे ब्रेलमध्ये किंवा कॅसेटवर मिळतील का, असं तिनं विचारलं होतं. उत्तर असं होतं : 'सर्व विद्यार्थ्यांस छापील पाठ समान रीतीने पाठविले जातात. कोणताही भेदभाव केला जात नाही.' खाली गोल शिक्का आणि कुणाची तरी वाकडीतिकडी सही.

माझं डोकं फिरलं. मी कागद चुरगाळणार एवढ्यात केशर हसायला लागली.

"समान रीतीनंच हाय की, मामा. मला पण दिसत न्हाई आणि त्यास्नी पण दिसत न्हाई."

केशर आमच्या शेजारच्या गिरजाची मुलगी. चार वर्षांची असताना गोवरात तिचे डोळे गेले. बेळगावात अंधांच्या शाळेत राहून बोटांनी वाचत वाचत ती बारावी झाली आणि आमच्या गावी, रामनगरला परत आली. एकोणनव्वद साल होतं ते. त्या शाळेच्या बाईंनी तिला ब्रेलमध्ये पत्र घातलं होतं, बी.ए.चं पहिलं वर्ष पास झालीस तर येत्या जूनपासून शाळेत शिकवायला घेऊ म्हणून. ते पत्र मात्र तिनं आम्हाला वाचून दाखवलं होतं, आणि आम्ही डोळे असलेली चार माणसं तोंडं उघडी टाकून ऐकत बसलो होतो. म्हणजे सगळं त्या एका वर्षावर अडलं होतं.

"धडे आम्ही वाचू," मी म्हणालो. "विद्यापीठ गेलं खड्ड्यात."

हे मी फुशारकीनं म्हणालो, पण अगदीच हवेत नाही. माझं धान्याचं दुकान असलं तरी गावात मला ओळखतात ते पोथीसाठी. श्रावणात मारुतीच्या देवळात पोथी लावायची ती पुंडलिकनंच, म्हणजे मीच, हे आमच्या खानापूरच्या मूळ गावापासून चालत आलेलं. माझा आवाज देवळाच्या पायरीवरून पार बसस्टँडपर्यंत जातो. माझी बायको पार्वती म्हणते की तो जातो हे खरं, पण परत यायचं नाव घेत नाही.

गावातल्या नागू ड्रायव्हरनं आपला टेप दिला. गोव्याच्या फेऱ्या मारताना गाणी ऐकायला घेतलेला, तांबडा, दोन बँडचा. सोबत भजनांच्या जुन्या कॅसेटही दिल्या. त्यांच्यावरच आम्ही धडे भरायचो, त्यामुळे धडा संपला की मागून टाळ-मृदंग सुरू व्हायचे. दुपारी दुकान बंद असायचं तेव्हा खिडकीला वाकळ लावून आम्ही बसायचो. तरी अनमोडच्या घाटाकडे निघालेल्या ट्रकांचे हॉर्न आत यायचेच.

इतिहास आणि मराठी पार्वतीनं घेतले. तिचं वाचणं शाळेतल्या मुलीसारखं, शब्दाला शब्द, पुस्तकाबाहेर एक पाऊल नाही. अर्थशास्त्र मी मागून घेतलं. तीस वर्षं बाजारात काढलेल्या माणसानं अर्थशास्त्र नाही वाचायचं तर कुणी वाचायचं?

आता पोथी वाचायची आमची रीत अशी. दोन ओव्या वाचायच्या, मग थांबून अर्थ सांगायचा. तो अर्थही त्याच सुरात, तशाच भारदस्त भाषेत, नाहीतर ऐकणारा उठून तंबाखू मळायला जातो. अर्थ सांगताना आपल्या पदरचे चार शब्द घालायचे. त्यालाच तर लोक मान डोलावतात. अर्थशास्त्राचे धडे मी तसेच वाचले. दुसरी रीत मला येतच नव्हती. आणि जिथं 'आकृती पाहा' असं यायचं, तिथं मी म्हणायचो, "येथे एक आकृती आहे, ती विशेष महत्त्वाची नाही," आणि पान उलटायचो.

केशर कॅसेटी ऐकायची, सांगेल तसं पार्वती उत्तरं लिहून काढायची, आणि ती उत्तरं टपालानं तपासायला जायची. दिवाळीनंतर तीन स्वाध्याय तपासून परत आले. इतिहासात वीसपैकी चौदा. मराठीत पंधरा. केशर आमच्या पडवीत पाय हलवत बसली होती, तिच्या मांडीवर तिनंच निवडायला घेतलेले तांदूळ होते. मी अर्थशास्त्राचा कागद उघडला.

वीसपैकी तीन.

मी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. तीनच.

"किती, मामा?"

"तेरा," मी म्हणालो.

पार्वतीनं माझ्या तोंडाकडे पाहिलं. तिला लग्नाच्या दुसऱ्या दिवसापासून माझं खोटं कळतं. कागद माझ्या हातातून ओढून घेऊन तिनं जे होतं ते वाचलं, शब्दाला शब्द. गुण तीन. आणि लाल शाईत शेरा : 'मागणीचा नियम पूर्णपणे उलटा लिहिला आहे. किंमत वाढली असता शहाणा मनुष्य अधिक माल खरेदी करतो, हे विधान कोणत्या पुस्तकातील? दलाल हा जन्मतःच त्याज्य होय, हे कोणाचे मत?'

दोन्ही विधानं माझी होती. पुस्तकात लिहिलं होतं की किंमत वाढली की मागणी घटते. मला ते पटलं नव्हतं. भाव चढायला लागला की लोक माझ्या दुकानात पोती घेऊन धावतात, हे मी डोळ्यांनी बघितलेलं. तेव्हा अर्थ सांगताना मी पुस्तकाची चूक दुरुस्त करून टाकली होती, पोथीच्या सुरात, भारदस्त आवाजात. आणि दलालांवर माझा राग जुना आहे.

मी आधी विद्यापीठाला शिव्या घातल्या. मग पुस्तक लिहिणाऱ्याला. तिसरं कोणी उरेना तेव्हा गप्प बसलो. मला फार लाज वाटत होती.

"मामा," केशर म्हणाली, "तुमी सांगतासा ते मला पायजे. त्यात मजा हाय, डोक्यात ऱ्हातंय. पण डोळ्यानं वाचणाऱ्याला पुस्तक कुठं संपलं ते दिसतंय. मला पुस्तक कुठं संपलं आणि तुमी कुठं सुरू झालासा, ते कळंना."

"आता मी तोंडच बंद करतो. मामी वाचंल," मी म्हणालो.

"रुसू नकासा की. आणि ते तेरा सांगितलासा न्हवं, तसलं परत करू नकासा. शाळेतल्या बाई मला ठेवून घेणार त्या खऱ्या मार्कांवर."

ते मला लागलं. त्या पोरीला दिसत नाही म्हणून जगानं तिच्यापासून काही लपवलं असेल, तर त्यात मीही एक झालो होतो.

तोड पार्वतीनं काढली. देव्हाऱ्यातली पितळेची घंटी आणून तिनं माझ्यापुढे आपटली. "पुस्तक वाचताना न्हाई वाजवायची. आपलं शहाणपण सुरू करायच्या आधी एकदा वाजवायची. परत पुस्तकात शिरताना दोनदा. चुकलासा तर चहा न्हाई."

अर्थशास्त्राचे सगळे धडे पहिल्यापासून पुन्हा भरायला घेतले. परीक्षा एप्रिलात. पहिल्या दुपारी घंटी इतक्यांदा वाजली की बाहेरून जाणारा एक म्हातारा चप्पल काढून पडवीत आला आणि प्रसादासाठी हात पुढे करून उभा राहिला. हळूहळू मी आवरायला शिकलो. पुस्तक पूर्ण बोलू द्यायचं, मधे तोंड घालायचं नाही, हे मला वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी जमायला लागलं. पार्वतीचं म्हणणं, घरात अजून जमलेलं नाही.

मग आकृत्या. केशरनं विचारलं, "महत्त्वाची न्हाई, हे कुणी ठरवलं मामा?" खरं सांगायचं तर मला त्या आकृत्या कळत नव्हत्या, म्हणून त्या महत्त्वाच्या नव्हत्या. आम्ही साबणाच्या खोक्याचा पुठ्ठा घेतला, खळ लावून त्यावर पोत्याची सुतळी चिकटवली. एक उभी रेघ किमतीची, एक आडवी मागणीची, आणि डावीकडे वरून उजवीकडे खाली येणारी एक तिरकी. केशरनं तिच्यावरून बोट फिरवलं.

"वर किंमत जास्त हाय, तिथं माल थोडा. खाली उतरलं की माल वाढतोय. घसरगुंडी हाय की ही!"

मीही डोळे मिटून बोट फिरवलं. आणि देवाशपथ सांगतो, मागणीचा नियम मला त्या दुपारी पहिल्यांदा कळला. दुकानात बसून तीस वर्षांत कळला नव्हता.

पुढच्याच धड्यात मजा झाली. मथळा होता 'मागणीच्या नियमाचे अपवाद'. वाचता वाचता मी थबकलो. लिहिलं होतं : 'भविष्यकाळात किंमत आणखी वाढेल अशी अपेक्षा असल्यास, किंमत वाढूनही ग्राहक अधिक खरेदी करतात.' मी घंटी घेतली आणि अशी बडवली की टेपाचा काटा शेवटाला जाऊन आपटला.

"बघा! मी सांगत हुतो का न्हाई?"

"व्हय मामा," केशर पोट धरून हसत म्हणाली, "तुमी पुस्तकात हायसा. पण अपवादात!"

तो सगळा हशा त्या कॅसेटवर अजून आहे. रानातल्या दिग्गी गावची फुला बाजाराला आली की आमच्याकडे टेकायची. तीही टपालानंच शिकत होती, आणि तिचे छापील पाठ रानवाटेनं पोचेपर्यंत पावसात भिजून गोळा व्हायचे. तिनं ती कॅसेट ऐकली आणि हटूनच बसली. "मला डोळे हायत, पण वाचाय बसाय कुठं मिळतंय? भात कांडताना ह्ये ऐकता येतंय." नागूनं दुसऱ्या टेपावर तिला सगळ्या कॅसेटी उतरवून दिल्या. दिग्गीत बायका भात कांडता कांडता घंटीची वाट बघतात, असं ती पुढच्या बाजाराला सांगून गेली. मला आत कुठंतरी बरं वाटलं, लपवत नाही.

परीक्षेला मी बेळगावला सोबत गेलो. केशर सांगेल ते लिहायला कॉलेजनं यमुना नावाची एक मुलगी दिली होती. मला फाटकाबाहेर बसवलं. तीन तास मी एका दगडावर बसून उठून बसून काढले. बाहेर आल्यावर यमुना मला म्हणाली, "काका, ही प्रत्येक उत्तराआधी तोंडातल्या तोंडात 'टिंग' म्हणत होती. बरी आहे ना ती?"

"एकदम बरी हाय," मी म्हणालो. "माझं काय काय घालायचं न्हाई, ते ती बाजूला काढत हुती."

निकाल जूनच्या पहिल्या आठवड्यात आला. शाळा उघडायला आठ दिवस राहिले होते. गिरजानं पाकीट न फोडता तसंच आणून माझ्या हातात दिलं. केशर खांबाला टेकून उभी होती. तिचं गाठोडं आत बांधून तयार होतं, हे मला ठाऊक होतं. ते सोडायचं की उचलायचं, ते माझ्या हातातल्या कागदावर होतं.

मी वाचलं. "इतिहास, चौपन्न. मराठी, त्रेसष्ट." मग बोट खालच्या ओळीवर नेलं. "अर्थशास्त्र, एकसष्ट. उत्तीर्ण."

गिरजानं पदर तोंडाला लावला. केशर मात्र हलली नाही. तिनं मान जरा तिरकी केली, कॅसेट ऐकताना करायची तशी.

"मामा," ती हळू आवाजात म्हणाली, "घंटी वाजली न्हाई न्हवं?"

"न्हाई वाजली, पोरी," मी म्हणालो. "ह्ये सगळं छापील हाय. माझं त्यात कायबी न्हाई. मामीला विचार."

पार्वतीनं कागद घेतला आणि शब्दाला शब्द पुन्हा वाचला. एकसष्ट. तेव्हा कुठं केशर खांब सोडून खाली बसली आणि दोन्ही हातांनी जमीन चाचपत हसायला लागली, रडायलाही लागली.

मी आत गेलो, देव्हाऱ्यातली घंटी घेऊन आलो आणि एकदा वाजवली.

"आता माझं ऐक," मी म्हणालो. पण पोथीचा तो सूर काही केल्या लागेना, शब्दही सुचेनात. मी नुसताच घंटी धरून उभा राहिलो.

"कळलं, मामा," केशर म्हणाली.